खातं बाईचं, पात्रता घराची



२०२४ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर जी झुंबड उडाली होती ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सेतू केंद्रापुढे रांग, झेरॉक्सच्या दुकानात रांग, तलाठ्याच्या दाराशी रांग. २८ जूनच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली होती, महिना दीड हजार रुपयांची. उत्पन्नाचा दाखला मिळवता मिळवता बायका इतक्या मेटाकुटीला आल्या की शेवटी सरकारनेच नमतं घेतलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला नको, असं ठरलं.

या योजनेने निवडणूक जिंकून दिली का आणि तिजोरी रिकामी केली का, यावर एव्हाना इतकं बोलून झालं आहे की त्यात माझी भर नको. तिला रेवडी म्हणणारे आपल्या आयकरातल्या सवलती मोजताना तो शब्द विसरतात, हेही असो. मला बोलायचं आहे ते त्या अर्जाबद्दल.

अर्ज काय विचारत होता? बाईचं वय २१ ते ६५ आहे ना. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे ना. घरात कुणी आयकर भरत नाही ना, कुणी सरकारी नोकरीत कायम नाही ना, ट्रॅक्टर सोडून चारचाकी कुणाच्या नावावर नाही ना. अविवाहित असेल तर घरातली एकच. एवढं सगळं जुळलं की पैसे थेट बाईच्या, तिच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. म्हणजे खातं तिचं, पण त्यात काही पडायचं की नाही हे ठरणार नवऱ्याच्या गाडीवरून, नवऱ्याच्या नोकरीवरून, नवऱ्याच्या विवरणपत्रावरून. ती गाडी तिने कधी चालवली का, त्या पगारातला किती तिच्या हातावर पडतो, हे विचारणारा रकाना अर्जात नव्हता. तो कुठल्याच सरकारी अर्जात नसतो.

आजचा विषय सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न आणि स्त्री-पुरुष समता असा आहे. मूलभूत उत्पन्नाची कल्पना एका दमात सांगता येते: प्रत्येक माणसाला, स्वतंत्रपणे, नियमित, रोख रक्कम, गरिबीचा दाखला नाही, कामाची अट नाही. या कल्पनेवर वाद होतो तो पैसा कुठून आणायचा आणि लोक आळशी होतील का, या दोन प्रश्नांवर. अर्थतज्ज्ञांच्या सभेत मी पाहते, ‘स्वतंत्रपणे’ या अटीवरून सगळे घाईने पुढे जातात. मला वाटतं, बाईच्या दृष्टीने सगळा जीव त्याच अटीत आहे. हिशेब घरापाशी थांबतो की माणसापाशी, एवढ्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

हे पटायला लांब जायला नको. मराठवाड्यात ‘कोयता’ कशाला म्हणतात हे इथे कुणाला सांगायला नको. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. त्याआधी अंधारात उठून तिने भाकऱ्या थापलेल्या असतात आणि त्यानंतर पाणी भरायचं असतं. उचल मात्र नवरा घेतो, हिशेबाच्या वहीत नावही त्याचंच. त्या बाईची मजुरी किती, असं विचारलंत तर मुकादम गोंधळून तुमच्याकडे बघेल. त्यात त्याची लबाडी नाही; ती मजुरी वेगळी कधी मोजलीच गेली नाही. पण एका दिवसाचा खाडा झाला की दंड पूर्ण कोयत्यावर बसतो. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. डॉक्टर, दारिद्र्य, कमी वयातली लग्नं, अशी त्याची अनेक कारणं सांगितली गेली आणि ती खरीही आहेत. त्यात मी आणखी एक घालीन. ज्या हिशेबात बाई स्वतंत्र एकक नसते, त्या हिशेबात तिचं दुखणं हाही घराचा तोटाच असतो.

याच महाराष्ट्राने उलटं उदाहरणही घालून दिलं होतं, आणि त्याचा आपल्याला विसर पडला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली. त्या कायद्यात कामाचा हक्क ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता. सासूला वेगळा, सुनेला वेगळा. खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण तिथे यायला घरातल्या कुणाच्या वाट्याचे दिवस खर्ची पडत नव्हते. पुढे २००५ साली हीच कल्पना देशभर नेताना संसदेने हमी दिली ती वर्षाला शंभर दिवसांची, आणि दर कुटुंबाला. शंभर दिवसांवर घरात भांडण होणार असेल तर ते कोण जिंकतं हे आपल्याला ठाऊक आहे. तो कायदा मोठाच होता. तरी या एका बाबतीत दिल्लीने महाराष्ट्राचं घेताना त्यातली उत्तम गोष्ट मागे ठेवली, असं माझं मत आहे.

आता थोडं इंग्लंडात जाऊ, कारण ही लढाई तिथे उघड्या मैदानात झाली. एलिनॉर रॅथबोन ही लिव्हरपूलची बाई. पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या बायकांना सरकार थेट भत्ता देई. त्याचं वाटप करण्याचं काम तिने केलं. नवरा आघाडीवर, घरात पैसा बाईच्या हातात, आणि मुलं मात्र पूर्वीपेक्षा धडधाकट. ही गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नाही. १९२४ साली तिने ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हे पुस्तक लिहिलं आणि पुढची वीस वर्षं एकच धोशा लावला: मुलांसाठीचा भत्ता आईच्या हातात द्या. दरम्यान १९४२ साली बेव्हरिजचा अहवाल आला. आधुनिक कल्याणकारी राज्याची ती गंगोत्री मानतात. पण बेव्हरिजच्या मांडणीत लग्न झालेली बाई नवऱ्याच्या विम्यावर उभी होती. तिचं म्हातारपणही त्याच्याच हप्त्यांतून. मुलांच्या भत्त्याचं विधेयक १९४५ साली पार्लमेंटात आलं तेव्हा सरकारच्या मसुद्यात तो भत्ता बापाला द्यायचा होता. रॅथबोन तेव्हा सत्तरी ओलांडलेली. तिने सभागृहात सांगितलं की असं असेल तर ज्या विधेयकासाठी मी आयुष्य घालवलं त्याच्याच विरोधात मत देईन. सरकारने पक्षादेश मागे घेतला, सभासदांनी कौल दिला, आणि भत्ता आईच्या नावे झाला. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकामागे आठवड्याला पाच शिलिंग. वाटप सुरू व्हायच्या काही महिने आधी, जानेवारी १९४६ मध्ये, ती वारली.

जाता जाता सांगते, या बाईचं हिंदुस्थानाविषयीचं बोलणं आपल्याला पचणारं नव्हतं. आपल्याकडच्या बालविवाहावर तिने पुस्तक लिहिलं ते राज्यकर्त्यांच्या चढ्या सुरात, आणि १९४१ साली तिने भारतीयांना उपदेशाचं उघड पत्र लिहिलं तेव्हा मरणाला टेकलेल्या रवींद्रनाथांनी तिला खरमरीत उत्तर दिलं होतं. एका घरातल्या बाईचं परावलंबन जिला इतकं स्पष्ट दिसलं तिला एका देशाचं दिसू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

रॅथबोनच्या विजयानंतरही एक फट राहिली होती. मुलं असलेल्या बापांना आयकरात सूट मिळे, ती पगारातूनच वळती होई, म्हणजे नवऱ्याच्या पाकिटात. बार्बरा कॅसल या मंत्रीणबाईंनी सत्तरच्या दशकात ठरवलं की ही सूट आणि जुना भत्ता एकत्र करून सगळाच पैसा आईला द्यायचा. कायदा झाला, पण १९७६ मध्ये कॅसल यांना मंत्रिमंडळातून काढलं गेलं आणि नव्या पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळाने अंमलबजावणी पुढे ढकलायचं ठरवलं. कारण काय तर पगाराच्या पाकिटात रक्कम कमी दिसली की पुरुष कामगार भडकतील, संघटना बिथरतील. मंत्रिमंडळाचे कागद फुटले, छापून आले, गदारोळ झाला आणि १९७७ पासून बदल टप्प्याटप्प्याने करावाच लागला. घरात येणारा पैसा जवळपास तेवढाच. फक्त हात बदलला. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातल्या घरखर्चाच्या नोंदी तपासल्या. पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला होता. ‘घर म्हणजे एकच खिसा’ असं धरून चालणाऱ्या अर्थशास्त्राला मुलांच्या कपड्यांनी दिलेलं हे उत्तर.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे गरीब आयांना मदत मिळे, पण सहसा घरात पुरुष नसेल तरच. अलाबामा राज्याचा नियम असा की ज्या बाईचे एखाद्या पुरुषाशी संबंध आहेत तो तिच्या मुलांचा ‘पर्यायी बाप’ समजायचा आणि मुलांची मदत बंद करायची. मग त्या पुरुषाने त्यांना दमडी दिलेली असो वा नसो. कित्येक राज्यांत अधिकारी रात्री-अपरात्री दार ठोठावून कुणी पुरुष दडला आहे का हे बघत. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाचा नियम मोडीत काढला. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या जॉनी टिलमन या कृष्णवर्णीय बाई मदतीवर जगणाऱ्या आयांची संघटना बांधत होत्या. टिलमन यांनी १९७२ साली लिहिलेल्या लेखाचा रोख असा: या मदतीत बाईला नवऱ्याच्या जागी सरकार मिळतं, आणि हुकूम सोडण्यात ते नवऱ्याला हार जात नाही. त्यांची मागणी होती गरज असलेल्या सर्वांना हमखास उत्पन्नाची. बाई की पुरुष, लग्न झालंय की नाही, मुलं आहेत की नाहीत, असे वर्ग न पाडता. मूलभूत उत्पन्नाच्या इतिहासात अर्थतज्ज्ञ फ्रीडमन आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची नावं येतात. टिलमन यांचं नाव शोधावं लागतं.

आणि आता आपल्याकडे परत. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. हेतू कळण्यासारखा आहे. चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी बायकांच्या नावाने पैसे उचलल्याचं आधी उघडकीला आलं होतं. पण परिणाम बघा. अलाबामात पुरुष सापडला तर पैसे बंद. इथे पुरुष सापडला नाही तर बंद. विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली, कारण सुरुवातीला त्या कुणाला आठवल्याच नव्हत्या. राहिली परित्यक्ता. तिच्याकडे मृत्यूचा दाखला नाही, घटस्फोटाचा हुकूमनामा नाही. नवरा आहे, कागदावर ठणठणीत आहे, पुण्यात नाहीतर सुरतेला दुसरीबरोबर राहतो आहे. त्याच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी तिने कसा मागायचा? बारा वर्षांपूर्वी ज्याने घराबाहेर काढलं त्याला फोन करून म्हणायचं का, की सहा आकडे सांगता का, माझे दीड हजार अडलेत? परित्यक्तांच्या प्रश्नावर ज्या महाराष्ट्रात मोर्चे निघाले, परिषदा झाल्या, त्या महाराष्ट्राच्या मंत्रालयात हा रकाना आखताना ही बाई कुणाच्या डोळ्यांपुढे आली नाही, याचा मला राग येतो.

व्यक्तीला मोजलं तर काय होतं, हे पाहायला मध्य प्रदेशातला प्रयोग आहे. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांतल्या सगळ्यांना, गरीब-श्रीमंत न बघता, पैसे दिले. मोठ्या माणसाला महिना २०० रुपये आणि मुलामागे १००. वर्षभराने ३०० आणि १५०. प्रत्येकाचं वेगळं खातं, मुलांचे पैसे आईकडे. रकमा तुटपुंज्याच होत्या. तरी मुलींचं शाळेत टिकणं वाढलं, खाण्यात भाजी-डाळ आली, आणि ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो दारूवरचा खर्च काही वाढला नाही. बायकांनी कामही सोडलं नाही. उलट दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात, शिलाईत, शेळ्यांत त्यांनी हात घातला. पुढे अरविंद सुब्रमण्यन मुख्य आर्थिक सल्लागार असताना २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत या कल्पनेवर अख्खं प्रकरण आलं. माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा आकडा त्यात होता, आणि सगळ्यांना देणं जड जात असेल तर सुरुवात बायकांपासून करावी असाही पर्याय होता. पुढे राज्याराज्यांत झालं ते त्याचंच निवडणुकीच्या घाईत कापलेलं रूप: सुरुवात बायकांपासून हे घेतलं, अटी नकोत हे सोडलं.

इथवर ऐकून माझ्या काही जुन्या मैत्रिणी अस्वस्थ झाल्या असतील. त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. त्या म्हणतील, बाईला घरबसल्या पैसे देणं म्हणजे तिला घरातच बसवणं. गोव्यात २०१२ पासून ‘गृह आधार’ योजना आहे. वाढत्या महागाईत गृहिणीला घर चालवता यावं म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम, आता दीड हजार. या योजनेचा पत्ताच मुळी स्वयंपाकघर आहे. घरकामाला वेतन मागणाऱ्या इटलीतल्या आणि इंग्लंडातल्या बायकांवर १९७२ पासून हाच आरोप होत आला. आणि आकडेही आक्षेपाच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते; जे पुरुष घरकाम करतात, तेही ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाने तेवढ्यात नऊ वाचवून घेतली. रोख रकमेने हे पारडं हलेल असं मी म्हणत नाही. उद्या पुरुषालाही मूलभूत उत्पन्न मिळालं तर तो ते घेऊन भांडी घासायला बसेल, असं समजणारी माणसं मला अर्थशास्त्राच्या पुस्तकांतच भेटली आहेत.

म्हणून रोख रक्कम आणि सेवा यांतलं एक निवडा असं कुणी म्हणालं की मी सावध होते. पाळणाघर, अंगणवाडी, सरकारी दवाखाना यांच्या बदल्यात बाईला दीड हजार मिळणार असतील तर तो सौदा तोट्याचा. दीड हजारात मूल सांभाळायला कोण येतं? हा धोका कल्पनेतला नाही, कारण एका बाजूला पैसे वाटताना दुसऱ्या बाजूला काय होतं ते आपण पाहिलंच. लाडकी बहीणचे अर्ज भरले कुणी? मोठ्या प्रमाणावर अंगणवाडी सेविकांनी. नारीशक्ती दूत अ‍ॅप सारखं बंद पडायचं, मग रात्री अकरानंतर नेटवर्क मोकळं झालं की पोरांना निजवून, मांडीवर अर्जांचा गठ्ठा घेऊन त्या एकेकीचा फोटो अपलोड करायच्या. अर्जामागे ५० रुपये द्यायचं ठरलं होतं. ते वेळेवर मिळावेत म्हणून पुढे त्यांना मागण्या कराव्या लागल्या. या सेविकेला पगार नाही, मानधन आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटी लागू आहे असं सांगितलं. तरी २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावं लागलं, आणि तो संप कित्येक आठवडे चालला. घरात बाईचं काम फुकट म्हणून सरकार तिला दीड हजार देणार, आणि तेच काम अंगणवाडीत केलं की त्याला सेवाभाव म्हणून मानधनावर भागवणार, या दोन्ही गोष्टी एकाच खात्यातून निघतात: महिला व बालविकास.

मुलांच्या संगोपनाचा भार कुणी उचलायचा हा प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालीच येऊन गेला आहे. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणारं विधेयक चर्चेला होतं, आणि हा भुर्दंड मालकांवर का, अशी ओरड होती. डॉ. आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं असेल तर त्याचा मोठा वाटा सरकारनेच उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. सरकार तो उचलत नाही तोवर मालकालाही अंग काढून घेता येणार नाही. पुढच्या वर्षी कायदा झाला, देशातला तसा पहिला. राज्य आणि मालक, दोघांची जबाबदारी एकाच भाषणात होती.

आता पैशाचं. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार होते. सगळ्यांना वर्षाला १८,००० द्यायचे तर १ लाख ७५ हजार कोटी लागतील. २०२५-२६ चा राज्याचा सगळा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. म्हणजे चार आण्यांचा खर्च. उद्या हे करा असं म्हणणं हा थापेबाजीचा प्रकार होईल. निव्वळ स्त्री मतदार धरल्या, ४ कोटी ६९ लाख, आणि सगळ्या अटी काढल्या, तर साधारण ८४ हजार कोटी. योजना जाहीर करताना सरकारने वर्षाला ४६ हजार कोटी धरले होते, त्याच्या दुपटीच्या जरा आत. तेही आज जमणार नाही, आणि त्यासाठी अंगणवाडीच्या पैशाला हात लागणार असेल तर मलाही ते नको.

पण काही गोष्टींना पैसे जवळपास लागतच नाहीत. नवऱ्याच्या आधारची अट काढा. बाईची ओळख पटवायला तिचाच अंगठा पुरे आहे. उत्पन्न बघायचंच असेल तर तिचं बघा, तिच्या नावावरची जमीन बघा, तिचं विवरणपत्र बघा; नवरा श्रीमंत असलेल्या काही बायकांना पैसे जातील, जाऊ देत, त्यांच्यातल्या कित्येकींच्या हातात स्वतःचे शंभर रुपयेही नसतात. केंद्राच्या रोजगार हमीतलं ‘दर कुटुंबाला’ काढून आपल्याच जुन्या कायद्यातलं ‘प्रत्येक प्रौढ व्यक्तीला’ परत आणण्याची मागणी लावून धरा. ऊसतोडीच्या करारावर दोघांची नावं आणि दोघांची मजुरी वेगळी लिहायला लावा. साखर कारखान्यांकडे तर संगणकही आहेत.

आणि पासष्टीचं काय ते एकदा ठरवा. पासष्ट पूर्ण होईपर्यंत बाई लाडकी बहीण असते आणि तिच्या घराची उत्पन्नमर्यादा अडीच लाख असते. त्यानंतर तिने श्रावणबाळ योजनेकडे वळायचं. रक्कम तीच, दीड हजार. उत्पन्नमर्यादा मात्र कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जी सरकारच्या लेखी गरीब होती ती दोन वर्षांत, गुडघे गेल्यावर, मजुरी बंद झाल्यावर, एकदम सधन ठरते. तिचं स्वतःचं उत्पन्न या काळात वाढलेलं नाही, घटलेलं आहे. वाढला असलाच तर मुलाचा पगार, आणि तो तिला विचारून खर्च होत नाही. हा एक आकडा बदलायला शासन निर्णयाचं एक पान लागतं. या सभागृहात आज विधान परिषदेचे दोन सदस्य बसले आहेत. प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधी त्यांनी यावर काही सांगावं, अशी अध्यक्षांमार्फत विनंती करते.